शनिवारची सायकल

दिवाळीच्या सुट्ट्या संपून कॉलेज उघडलं, त्या दिवशी हिरालाल शहारेचं ज्यानं त्यानं अभिनंदन केलं. ते कशाबद्दल होतं हे मात्र त्याला दुपारपर्यंत कळलं नाही.

त्याला वाटलं, गाडीबद्दल. वाटणारच. सुट्टीत त्यानं मोटारसायकल घेतली होती. जुनीच, पण चांगली राखलेली, लाल रंगाची. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तो इंजिनाच्या वाहनावर बसून कॉलेजच्या गेटातून आत आला होता, आणि येताना छाती थोडी फुगली होती हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे ऑफिसातला बाबू "शहारे, अभिनंदन, आता पेढे काढा" म्हणाला, तेव्हा हिरालालनं लाजत सांगितलं की गाडी जुनीच आहे, पण इंजिनाचं काम केलेलं आहे. बाबू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. लायब्ररीतल्या बाईंनाही त्यानं तेच सांगितलं, मायलेजसकट. त्याही बघत राहिल्या. हिरालालला वाटलं, लोकांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

दुपारी अल्का मॅडम केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आल्या. हिरालाल तिथला परिचर. काचेची नळकांडी धुवायची, बाटल्या भरायच्या, पोरांनी फोडलेलं गोळा करायचं, हे त्याचं काम. मॅडमनी हसत हसत सांगितलं की हरित परिसर समितीनं या वर्षीचा पर्यावरण मित्र म्हणून त्याला निवडलं आहे. जानेवारीत बाहेरून तपासणी समिती येणार, तिच्यासमोर सत्कार होणार. इतकी वर्षं, ऊन म्हणू नका पाऊस म्हणू नका, तुम्ही सायकलवर येता, धुराचा एक थेंब हवेत सोडला नाही, हे साधं नाही, असं त्या म्हणाल्या.

हिरालालच्या हातात ब्युरेटची काचनळी होती. ती त्यानं जपून स्टँडला लावली. धूर थेंबानं मोजतात का, हा एक प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि गेला. दुसरा मात्र गेला नाही. पँटच्या खिशात मोटारसायकलची किल्ली होती आणि ती त्याला एकदम टोचायला लागली.

हिरालालचं गाव बोदलकसाच्या तलावापलीकडे. घरून निघालं की आधी तलावाच्या बांधाची लांबलचक पाळ, मग जंगलाचा तुकडा, मग धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मग रेल्वेचं फाटक, आणि फाटक ओलांडलं की तिरोड्याचं हे कॉलेज. ही वाट तो सायकलनं रोज जात-येत होता. सायकल वडिलांच्या काळची, काळी, मागं रुंद कॅरिअर असलेली. तिला घंटी नव्हती, कारण ती येतेय हे तिच्या खडखडाटावरूनच लोकांना कळायचं. कॉलेजात तिची थट्टा व्हायची आणि हिरालाल थट्टेला हसून द्यायचा. पण जेव्हा आवारात गाड्यांसाठी नवी शेड बांधली आणि पाहुण्यांना दिसायला बरं नाही म्हणून त्याची सायकल मागं कडुनिंबाखाली लावायला सांगितली, तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. आता त्याच सायकलीचा मान होणार होता. हा हिशोब त्याला काही केल्या जुळवता येईना.

अल्का मॅडम मनाच्या खऱ्या होत्या. पर्यावरण शिकवायच्या आणि जे शिकवायच्या ते खरंच मानायच्या, ही कॉलेजच्या दृष्टीनं अडचणीची गोष्ट होती. त्या आल्यापासून आवारात दोन रंगांचे डबे आले. ओला कचरा एकात, सुका दुसऱ्यात, आणि संध्याकाळी झाडूवाला दोन्ही डबे एकाच गाड्यात उपडे करून मोकळा व्हायचा. प्रत्येक खोलीच्या दारावर "कागद वाचवा" असं लिहिलेला कोरा करकरीत कागद लागला. लॅबमधले प्रयोग बाटलीवरून थेंबांवर आले. हे शेवटचं मात्र हिरालालला मनापासून पटलं, कारण त्याच्या शर्टांना पडणारी भोकं कमी झाली.

मग निघाला शनिवारचा नियम. शनिवारी आवारात एकही मोटार, एकही मोटारसायकल येणार नाही. सायकलनं या, नाहीतर पायी या. मॅडम स्वतः आवारातल्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि बाजाराला थैली घेऊन पायी जायच्या, त्यामुळे त्यांना हसायची कुणालाच सोय नव्हती. प्राचार्य बिसेन सरांनी नियमाला लगेच मान डोलावली. तपासणी समिती येणार होती आणि समितीला असलं काही आवडतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

पहिल्या शनिवारी फाटकाजवळच्या छोटेलालच्या पानठेल्यापाशी जत्रा भरली. जो तो आपली गाडी ठेल्यामागं लावायचा, रुमालानं कपाळ पुसायचा आणि लांबून चालत आल्याचा चेहरा करून गेटाकडे निघायचा. प्राचार्यांची कारही तिथंच बाभळीच्या सावलीत. दोघे सहकारी एकमेकांना ठेल्यावर भेटले तरी ओळख द्यायचे नाहीत. छोटेलालनं पुढच्या आठवड्यात दोन सायकली आणून ठेवल्या, ज्यांना चालायचाही कंटाळा त्यांच्यासाठी. या सगळ्या गर्दीतून खडखडत सरळ घरून आलेली एकच सायकल गेटातून आत जायची, ती हिरालालची. शनिवारीच नाही, सोमवारी आणि मंगळवारीही. मॅडमच्या डोळ्यांत ती भरली ती अशी.

आणि नेमकी त्याच दिवाळीत त्यानं ती सायकल देऊन टाकली होती. साळा गोवर्धन चिचगडला राहतो, जंगलातून मोहफुलं-तेंदूपानं आणतो, त्याला.

गाडी कशाला घेतली, हे हिरालालनं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांना वाटलं, वय झालं, गुडघे बोलायला लागले. गुडघे बोलत होतेच. पण कारण जुनं होतं, नव्व्याण्णव सालचं.

त्याची पहिली पोर, रीना. नुकती बोलायला लागली होती. पावसाळा सरत आलेला, गावात घरोघरी ताप. रीनाचा ताप सकाळी एकदम डोक्यात गेला आणि तिला झटके आले. गावात त्या दिवशी जीप नव्हती, बस दुपारची. हिरालालनं सायकल काढली, बायको ललिता पोरीला लुगड्याच्या पदरात गुंडाळून मागं कॅरिअरवर बसली, आणि तो निघाला. अशी सायकल त्यानं आधी कधी चालवली नव्हती आणि नंतरही नाही. पाळ, जंगल, बांध्या, सगळं एका दमात. फाटकाशी आला तर फाटक बंद. मालगाडी जात होती आणि तिचे डबे संपता संपत नव्हते. त्यानं मान मागं वळवून विचारलं, कशी आहे? ललिता म्हणाली, झोपली. गाडी गेली, फाटक उघडलं, त्यानं पुन्हा पायडल मारलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीच्या डोळ्यांवर उजेड धरून पाहिला आणि म्हणाले, वाटेतच गेली आहे.

वाटेत म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिरालालनं विचारलं नाही. पण त्यानंतर त्या वाटेनं रोज जाताना-येताना तो तेच शोधायचा. बहुतेक फाटकाशी, असं त्याच्या मनानं घेतलं. मालगाडीपाशी गेलेली ती मिनिटं त्याच्या काळजात रुतून बसली. हाताशी इंजिनाची गाडी असती तर फाटक पडायच्या आत आपण पलीकडे असतो. हे तो एकदाच ललिताला बोलला होता. तिनं फक्त ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून ललिता सायकलच्या कॅरिअरवर बसली नाही. नातलगांकडे जायचं तर बसनं, नाहीतर पायी. पुढं अश्विन झाला, शहाणा निघाला, गोंदियाला होस्टेलात शिकायला गेला. गावातले लोक हिरालालला अश्विनचे बाबा म्हणायला लागले, ललिताही म्हणायला लागली. रीनाचं नाव घरात कुणी घेत नसे. हिरालाल मात्र वर्षानुवर्षं गाडीसाठी बाजूला टाकत राहिला. आता गाडीनं कुणालाही वाचवायचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण ती घेतल्याशिवाय जिवाला चैन पडणार नव्हतं.

दिवाळीत गाडी आणली तेव्हा त्यानं ती आधी विहारात नेली. वंदना झाली, मेणबत्ती लावली, हँडलला हार घातला आणि मग घरी आणली. ललितानं दारातून एक नजर टाकली आणि ती चुलीकडे वळली. मागं बस, पाळीपर्यंत चक्कर मारून येऊ, असं तो म्हणाला तर म्हणाली, भ्या वाटते. हिरालालला कळेना. ज्या गोष्टीसाठी जन्म घालवला ती दारात उभी, आणि बायको तिच्याकडे पाठ करून भाकरी थापते.

आता कॉलेजात नवीन घोळ. दोन दिवसांत मॅडमना गाडीचं कळलं. त्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्यांचा चेहरा पडला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "हिरालालभाऊ, तुम्हीसुद्धा?" हिरालालला चोरी पकडल्यासारखं झालं. काय चोरलं ते मात्र त्याच्या लक्षात येईना. मॅडमना कारण सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण ती गोष्ट लॅबमध्ये, आम्लाच्या बाटल्यांमध्ये उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

मग बिसेन सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. गाडी घेतली, चांगलं केलं, असं ते म्हणाले आणि खरंच मनापासून म्हणाले. फक्त समिती येऊन जाईपर्यंत ती आवारात दिसायला नको. आणि सत्काराच्या दिवशी सायकल हवी. हिरालालनं सांगितलं की सायकल गोवर्धनला दिली, चिचगडला. परत आणा, सर म्हणाले. दिलेली वस्तू साळ्याच्या दारातून परत कशी मागायची, असं हिरालाल म्हणाला, आणि यावर सरही गप्प झाले, कारण साळा त्यांनाही होता. थोडा विचार करून ते म्हणाले की ठीक आहे, सायकलीचं आपली हरित समिती बघेल.

मला सत्कारच नको, असं हिरालालनं म्हणून पाहिलं. सर म्हणाले, आता कार्यक्रमपत्रिका छापली आहे. कागद वाचवायच्या दिवसांत छापलेला कागद वाया घालवणं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून हिरालाल रोज आपली लाल गाडी छोटेलालच्या ठेल्यामागं लावून पायी आत जायला लागला. बाकीचे शनिवारी लपायचे, हा आठवडाभर. छोटेलाल सुपारी कातरत म्हणायचा, "भैया, दूसरों का सनीचर एक दिन का है. तुम्हारा तो हफ्ता भर सनीचर ही सनीचर है." हिरालाल हसायचा. पण फाटकापासून गेटापर्यंत चालताना त्याला आपलं नेमकं काय चुकलं हे कळायचं नाही. सायकल होती तेव्हा ती कडुनिंबाखाली लपवायला लावली. गाडी आली तर ती पानठेल्यामागं लपवायची. माणसानं उजळ माथ्यानं आत यावं तरी कशावर बसून?

घरी त्यानं ललिताला सत्काराचं सांगितलं. तिनं विचारलं, कशाबद्दल? सायकलीबद्दल, तो म्हणाला. ललिता लाखोरीची पालेभाजी निवडत होती, तिचे हात थांबले. मग तिनं विचारलं की सायकलीनं काय केलं म्हणून सत्कार. हे हिरालाललाही नीट सांगता येईना. धूर केला नाही म्हणून, असं काहीतरी तो म्हणाला. तू येशील का, असं त्यानं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

कार्यक्रम अर्थातच शनिवारी होता. आवार चकाचक, डबे धुतलेले, शेड रिकामी. समितीची पाहुणेमंडळी मोठ्या गाडीनं थेट पोर्चपर्यंत आली. त्यांना शनिवारचा नियम कुणी सांगितला नव्हता आणि आता सांगणार कोण? मॅडमचे ओठ घट्ट मिटलेले हिरालालला दिसले. त्यानं पांढरा शर्ट घातला होता, वहाणा नव्या होत्या आणि त्या चावत होत्या.

त्याचं नाव पुकारलं. तो मंचावर चढला आणि तिथं झेंडूच्या माळा घातलेली कोरी सायकल उभी होती. हेच बक्षीस. काळी, मागं रुंद कॅरिअर असलेली. ती निवडणाऱ्यानं त्याची जुनी सायकल आठवून अगदी तशीच शोधून आणली असणार, चांगल्या मनानं. हिरालालला टाळ्या ऐकू येईनाशा झाल्या. त्याला फक्त ते कॅरिअर दिसत होतं. त्याच्यावर अजून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

पाहुण्यांपैकी एकांनी त्याच्यासमोर माईक धरला आणि कौतुकानं विचारलं की सगळं जग गाड्यांच्या मागं लागलेलं असताना आपण एवढी वर्षं सायकलच का चालवली, तुमच्या तोंडून ऐकू द्या.

हिरालालनं समोर पाहिलं. पोरं, प्राध्यापक, पहिल्या रांगेत मॅडम. तो म्हणाला, "दुसरं काई नोहोतं जी."

सभागृहात हशा आणि टाळ्यांचा गजर. केवढा साधेपणा, पाहुणे माईकवरून म्हणाले, आणि पुढं बरंच बोलले. मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, काहीतरी निसटल्यासारख्या. हिरालालला इतकंच कळलं की आपण खरं बोललो आणि ते कुणाला लागलं नाही. त्यानं हात जोडले, सायकल धरली आणि मंचाच्या उतरणीवरून ती हळूच खाली घेतली.

मॅडम बाहेर पोर्चमध्ये त्याला गाठून म्हणाल्या, तुम्ही मघाशी म्हणालात ते पुन्हा सांगाल का कधी, नीट? सांगीन, तो म्हणाला. आज नाही.

आता नवाच पेच. ठेल्यामागं मोटारसायकल, हातात सायकल, आणि न्यायची दोन्ही घरी. एका माणसाला दोन वाहनं एका वेळी चालवता येत नाहीत, हे त्याच्या आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. छोटेलालनं निकाल लावून टाकला. गाडी राहू दे, तिला कुलूप आहे, मी आहे. कोरी सायकल फुलांसकट इथं ठेवलीस तर सकाळी फक्त फुलं सापडतील. हिरालालला ते पटलं. त्यानं माळा काढून ठेल्याच्या बांबूला अडकवल्या आणि तो सायकलवर बसला.

पाय विसरले नव्हते. ऊन उतरायच्या बेताला होतं, संध्याकाळची थंडी अजून पडायची होती. सायकल इतकी बिनआवाज चालत होती की त्याला आपलाच श्वास ऐकू येत होता. फाटक उघडं होतं, तरी तो तिथं एक पाय टेकून थांबला, नेहमीच्या सवयीनं. मग बांध्या, मग जंगल. इतक्या वर्षांत हजार वेळा त्यानं या वाटेला विचारलं होतं, पोर नेमकी कुठं गेली. आज पुन्हा विचारलं. बक्षीस घेऊन आपण आपल्या पोरीला विकून आलो की काय, असंही एकदा मनात आलं, आणि त्या विचारानं त्याला रडू कोसळलं. रडत रडतच तो पाळीवर चढला आणि गाव जवळ आलं तसं त्यानं बाहीनं डोळे पुसले.

ललिता अंगणात होती. मोटारसायकल आली तेव्हा चुलीकडे वळलेली बाई आज सायकल पाहून पुढं आली. हे काय, असं तिनं विचारलं नाही. तिनं कॅरिअरवरून हात फिरवला. प्लास्टिकची कड सुटली होती, ती तिनं धरली आणि सगळं प्लास्टिक ओढून काढलं. मग ती म्हणाली, "रीनाचे बाबा."

या नावानं त्याला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. हिरालाल सायकल धरून तसाच उभा राहिला.

"तुमी फाटकाले दोष देऊन राहिले, सायकलीले दोष देऊन राहिले," ललिता म्हणाली. "ती फाटकापावतर आलीच नाई जी. ती पाळीवरच गेल्ती. आपून गाव सोडलो अना पाळीवर चढलो, तेथीच तिचा श्वास थांबला. माह्या मांडीवर होती. मले समजलं."

हिरालालनं एवढंच विचारलं. "काऊन नाई सांगतली?"

"सांगतली असती तं तुमी थांबले असते. मंग त्या पाळीवर आपून दोघं काय केलो असतो? तुमच्या पायात जोर होता. मी म्हटली, चालू द्या. जेवढा वेळ तुमी चालवून राहिले, तेवढा वेळ ती आजारी होती."

ती खाली बसली. पुढचं तिनं जमिनीकडे पाहत सांगितलं. दर वर्षी सांगीन म्हणायची. पण त्यानं एकदा गाडी असती तर म्हटलं आणि त्यानंतर तिला दिसत होतं की हा माणूस त्या गाडीच्या आशेवर जगतो आहे. ती आशा काढून घेतली तर त्याला धरायला काय उरेल, याची तिला भीती वाटायची. मग गाडी आली, आणि आता सांगून तरी काय, असं झालं. त्या गाडीवर बसणं म्हणजे तिला खोटं बोलण्यासारखं वाटलं. म्हणून नाही बसली.

हिरालालला काय वाटायला हवं होतं ते त्याला कळेना. राग आला, तो खरा होता. एवढी वर्षं रोज फाटकाशी पाय टेकताना आपण ज्या मालगाडीला शिव्या घातल्या तिचा काही संबंधच नव्हता. मग रागाच्या मागून काहीतरी सैल झालं, छातीतलं. सायकल हळू नव्हती. तो हळू नव्हता. जगातली कोणतीच गाडी पाळ उतरायच्या आत तिरोड्याला पोचली नसती. आणि मग त्याला आठवलं की पाळीपासून दवाखान्यापर्यंत ही बाई मेलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्यानं विचारलं तेव्हा झोपली म्हणाली होती. त्याला तिच्याकडे बघवेना. त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि तोही तिच्या शेजारी खाली बसला. संध्याकाळची भाजी निवडायची राहिली होती. दोघांनी मिळून ती निवडली.

दुसरा दिवस रविवार. मोटारसायकल अजून छोटेलालकडे होती आणि ती आणायची घाई हिरालालला वाटत नव्हती. सकाळी ऊन अंगणात आलं तशी ललिता धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली आणि म्हणाली, चला. कुठं, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं सायकल काढली. ती कॅरिअरवर एका बाजूनं पाय सोडून बसली. तिचा भार मागं पडला तसं हँडल थोडं डगमगलं आणि मग सरळ झालं.

गाव मागं पडलं. चढ सुरू झाला. हिरालालनं उभं राहून दोन-चार पायडलं मारली आणि सायकल पाळीवर आली. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली बांध्या. पाळीवर थोडं पुढं गेल्यावर एका पळसापाशी मागून ललिताचा हात त्याच्या पाठीला लागला. "थांबवा," ती म्हणाली.

हिरालालनं या वेळी सायकल थांबवली.